आयनी बोललेला नवस

बहारीनमधल्या पाचव्या वर्षी मी प्रार्थना करायची सोडून दिली होती. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांबरोबर मनामाच्या चर्चमध्ये मिस्साला जायचे, उभं राहायच्या वेळी उभी राहायचे, गुडघे टेकायच्या वेळी टेकायचे. ओठही हलायचे, पण आत काही नसायचं. आदल्या वर्षी माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा होता. ज्या इस्पितळात मी नर्स होते तिथेच, माझ्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर. त्याच मजल्यावर दुसऱ्यांची सातव्या महिन्यातली बाळं काचेच्या पेटीत जगलेली मी पाहिली होती. मग माझंच का नाही, असं मी देवाला एकदा विचारलं. उत्तर आलं नाही. मी भांडले नाही, नुसता अबोला धरला.

सासूबाईंबद्दलही माझं मन तसंच आखडून गेलं होतं. त्यांना आम्ही आय म्हणायचो. बाळ गेल्यावर त्यांचं वसईहून पत्र आलं. आयना लिहिता येत नसे, शेजारचे मास्तर लिहून देत. त्या पत्रात माझ्यासाठी एकच ओळ होती, 'सुनेला सांग, देवाची मर्जी.' ती ओळ मी कितीदा वाचली असेल, आणि दर वेळी ती जास्तच थंड लागायची. सहा महिने भरेपर्यंत मी उभ्याने ड्युटी केली होती. आयना वाटत असणार, नोकरीपायी हिने माझा नातू घालवला. तसं त्या कधी बोलल्या नव्हत्या. मीच ते वाक्य त्यांच्या तोंडी घालून ठेवलं होतं.

अशात त्या तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या. समुद्रावरच्या मोठ्या पुलाचं काम चालू होतं, ते दिवस. आमचे हे हिद्दजवळच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात फोरमन होते. मुलगी शर्ली नऊ वर्षांची, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. आय विमानतळावर उतरल्या त्या नऊवारी, पायात कापडी बूट आणि हातात सुक्या बोंबलांचं गाठोडं अशा. मला पाहिल्यावर त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. मला अवघडल्यासारखं झालं. त्यांच्या नजरेत मी दोष शोधत होते.

खरं सांगायचं तर आय आल्यावर घर हसायला लागलं. जिदहफ्सच्या बाजारातला म्हातारा मासेवाला आठवड्याभरात त्यांचा मित्र झाला. तो अरबी बोलायचा, या वसईचं मराठी. मासे संपले की तो हात झटकून "मफी, मफी" म्हणायचा. आय टोपलीवरचं ओलं गोणपाट स्वतःच उचलून म्हणायच्या, "मफी कसं? हे काय आहे मग?" आणि तो पोट धरून हसायचा.

दुसऱ्या आठवड्यात जेवताना आय म्हणाल्या, "मला जर्मनीला जायचंय."

ह्यांचा घास हातातच राहिला. "कुठे?"

"जर्मनीला. माझा नवस आहे. आणि सुनेने माझ्याबरोबर यायचं."

त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकातून एक चित्र काढलं. पिवळं पडलेलं, कडा झिजलेल्या. नदीकाठी एक लहानसं देऊळ, वसईत चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, आणि वर बाळाला घेतलेली मावली, देवाची आई. लहानपणी आयना विषमज्वर झाला होता, तेव्हा गावच्या दवाखान्यातल्या जर्मन सिस्टरने ते त्यांना दिलं होतं. माझ्या आईच्या गावचं देऊळ आहे, इतकंच सिस्टर म्हणाली होती. मागच्या बाजूला शाईने दोन ओळी लिहिलेल्या होत्या, पण अक्षर असं की त्यातलं एकही ओळखू येईना.

"नवस कशासाठी बोलला होता, आय?" ह्यांनी विचारलं.

"फेडल्याशिवाय सांगायचा नसतो," म्हणून त्यांनी ताटाकडे नजर वळवली.

मला मनातून राग आला. सुट्टी मी खर्च करायची, आणि तीही ज्याच्याशी मी बोलत नव्हते त्याच्या दारात जायला. पण ह्यांना आईचा शब्द मोडवेना. आम्ही शर्लीचा अॅटलास उघडून बसलो. ट्रॅव्हल एजन्सीतला माणूस चित्र उलटसुलट करून म्हणाला, "सिस्टर, नदीकाठची असली गावं जर्मनीत शेकड्यांनी असतील. नाव तरी आणा." फादरांनाही ते अक्षर लागलं नाही. महिना असाच गेला. आय मात्र रोज माळ म्हणायच्या आणि सांगायच्या, "जिला बोलवायचंय ती पत्ता देईल की."

त्याच सुमारास माझ्या वॉर्डात हिल्डा नावाची एक जर्मन बाई आली. पन्नाशी उलटलेली, घरच्या पायऱ्यांवरून पडून पाय मोडलेला. नवरा पुलाच्या कामावर इंजिनिअर, घर जनाबियाला. खरं म्हणजे ती खासगी खोलीत जायची, पण त्या बाजूला रंगकाम चालू होतं म्हणून माझ्याकडे. तिसऱ्या दिवशी तिचं अंग पुसताना ती जर्मनमध्ये कण्हली, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी मी चित्र घेऊन गेले.

हिल्डाने चष्मा लावला. चित्राची मागची बाजू उजेडाकडे धरली. मग म्हणाली, "हे जुनं वळण आहे. आता शाळेत शिकवत नाहीत. माझी आजी असं लिहायची, तिच्याकडून मी शिकले." बोट फिरवत तिने एकेक शब्द वाचला. 'लेकी, जिथे असशील तिथे हिला आई म्हण.' खाली गावाचं नाव. ती सिस्टर हिंदुस्थानात यायला निघाली तेव्हा तिच्या आईने लिहून दिलं असावं. हिल्डा ते नाव पुन्हा पुन्हा उच्चारत होती. बव्हेरियात, इन नावाच्या नदीच्या काठी, म्युनिकहून रेल्वेने जायचं. "माझी धाकटी बहीण रोझा त्याच नदीवर राहते," ती म्हणाली, "तिथून अर्ध्या तासावर."

यावर मी काही म्हणणार नाही. पाय मोडणं, रंगकाम, आजीचं अक्षर, सगळं आपापल्या जागी साधंच आहे. त्या दिवशी घरी जाऊन मी आयना सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "पत्ता आला ना? आता तिकिटाचं बघा," म्हणाल्या आणि भात वाढायला लागल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे मला अजून आठवतात. माझी ड्युटी संपली की आय माशाच्या कालवणाचा डबा घेऊन वॉर्डात यायच्या. हिल्डा मिरचीने डोळे पुसत खायची आणि प्लास्टरवर वही ठेवून आम्हाला नकाशा काढून द्यायची. इथे गाडी बदलायची, इथे पूल, पुलापलीकडे देऊळ. शर्ली दुभाषी, आजीला ती मोठी आय म्हणायची. "मोठी आय इज आस्किंग, विच फिश इज इन दॅट रिव्हर?" हिल्डा गंभीरपणे ट्राउटचं चित्र काढायची. आय ते निरखून म्हणायच्या, "काटे फार दिसतात." मनामाच्या बाजारातून त्यांनी लोकरीचे मोजे आणि माकडटोपी आणली. हिल्डाने आमंत्रणाचं पत्र लिहिलं, मेट्रनने मला दहा दिवस सुट्टी दिली. मीही नकळत त्या तयारीत रमले होते. पुष्कळ दिवसांनी मी कशाची तरी वाट पाहत होते.

मग जर्मन वकिलातीत जायचा दिवस आला. मला रेसिडेन्स परमिट होतं, नोकरीचं पत्र होतं, माझ्या पासपोर्टवर शिक्का बसला. आयच्या पासपोर्टचं मात्र होईना. तिथला माणूस भला होता, त्याने नीट समजावलं. त्या इथे पाहुण्या, त्यांचा इथला व्हिसा महिन्याभरात संपतोय, अशांनी आपल्या देशातून अर्ज करायचा असतो. मुंबईहून करायचा तर कधी काय होईल कुणास ठाऊक, आणि त्यांच्या गुडघ्यांना तो प्रवास पुन्हा झेपला नसता. खलास. आम्ही गाडीत बसून घरी निघालो. माझ्या मनात काय होतं ते आज कबूल करते. बरं झालं, असं वाटत होतं. देवाने पुन्हा एकदा दार लावलं होतं, आणि माझा अबोला बरोबर होता हे त्यानेच सिद्ध केलं होतं.

घरी आल्यावर आय पलंगावर बसून बूट सोडत म्हणाल्या, "तू जा गो बाय."

"मी एकटी? नवस तुमचा, आय. मी जाऊन काय करू?"

"मी नाही गेले तरी चालेल. तू जायला पाहिजेस."

"पण का?" माझा आवाज चढला. "कशाचा नवस आहे हा?"

आयनी दुसरा बूट हळूच काढला. "फेडल्यावर सांगणार होते. पण आता सांगते. माझ्या लेकाची तार आली तेव्हा मी वाडीत होते. मास्तरांनी वाचून दाखवली. बाळ गेलं, ती वाचेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. मी तिथेच मातीत बसले. हे चित्र काढलं आणि म्हटलं, माझी सून मला ठेव. ठेवलीस तर तिला तुझ्या दारात आणून उभी करीन."

ते तीन दिवस मला आठवत नाहीत. फार रक्त गेलं होतं, मी बेशुद्ध होते. नंतर चार्टवर वाचलं तेव्हा नर्स म्हणून मला कळलं होतं की अशी केस सहसा परत येत नाही. पण आपण परत आलो याकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो कडूच होता. "मग बाळासाठी का नाही मागितलंत?"

आयनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "तार आली तेव्हा बाळ गेलं होतं गो. मागायला तूच उरली होतीस."

मी खाली बसले आणि त्यांच्या मांडीत डोकं घातलं. खूप वेळाने विचारलं, "आणि पत्रात फक्त 'देवाची मर्जी' का लिहिलंत?" त्या म्हणाल्या, "मास्तर परका माणूस. त्याच्यासमोर मी काय काय बोलू? मी रडत होते, त्याने त्याला सुचलं ते लिहिलं." वर्षभर मी ज्या ओळीने स्वतःला कापत होते ती आयची नव्हतीच.

मी गेले. फेब्रुवारी संपत आला होता. निघताना मी विचारलं, तिथे तुमच्या वतीने काय सांगू? आय म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नकोस, ती मला ओळखते. तू आलीस एवढंच दिसू दे तिला." स्टेशनवर रोझा उभी होती, हिल्डासारखीच रुंद चेहऱ्याची, इंग्रजीचा एक शब्द न येणारी. पूल ओलांडून आम्ही गेलो. देऊळ चित्रातल्यापेक्षा लहान होतं. आतल्या भिंती चित्रं रंगवलेल्या लाकडी फळ्यांनी भरलेल्या होत्या, शेदोनशे वर्षांत लोकांनी फेडलेल्या नवसांच्या. पुष्कळ फळ्यांवर बाळं होती, कापडात घट्ट गुंडाळलेली. काही हसरी, काही डोळे मिटलेली. त्या बायांची नावं मला वाचता येत नव्हती. पण त्या सगळ्या आपापलं बाळ घेऊन इथे आल्या होत्या, जिवंत असलेलं आणि नसलेलंही, आणि कुणाला मागे फिरवलं नव्हतं.

मी काही मागितलं नाही. आभार मानायचे ठरवून गेले होते, तेही शब्दांत जमलं नाही. मी बाकावर बसले आणि बाळासाठी रडले, पहिल्यांदाच, मोकळेपणी, आणि रडताना लक्षात आलं की मी कुणाच्या तरी समोर रडते आहे. अबोला केव्हा सुटला ते कळलं नाही. रोझा माझ्या शेजारी तासभर नुसती बसून होती. मग तिने आपला कोट काढून माझ्या खांद्यांवर घातला, मला घरी नेलं आणि गरम सूप पुढे ठेवलं.

तिच्याच घरून मी बहारीनला फोन लावला. इतक्या लांब आवाज पोचायला हवा म्हणून आय ओरडत होत्या. "पोचलीस? काय मागितलंस?"

"काही नाही, आय. नुसती बसले."

"बास! तेवढंच पाहिजे होतं. आता जेव."

आय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी आता वसईलाच असते. तुमच्या प्रार्थनेला कधी फळ आलं का, असं कुणी विचारलं तर मी खरं ते सांगते. मी तेव्हा प्रार्थना करतच नव्हते. माझ्यासाठी दुसरं कुणी मातीत बसलं होतं आणि त्यावर मी जगत होते, मला पत्ताही नसताना. बाळ का गेलं याचं उत्तर मला मिळालेलं नाही, आणि आता मी ते मागत नाही. मिळालं ते ओंजळीत घेते. सकाळी डोळे उघडले की आधी आभार मानते, आणि मग एखाद्याचं नाव घेते, ज्याला माहीत नसतं की कुणीतरी त्याच्यासाठी मागत आहे.