पत्रिकेत न उमटलेली रेघ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. सांगलीत एका कॉलेजात गणित शिकवते. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधू दिली नाही म्हणून सासूबाई कितीतरी दिवस धुसफुसत होत्या, यावरून काय ते ओळखा. पण गेल्या वर्षी आमच्या गावच्या यात्रेत जे झालं... ते लिहून तरी बघते. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा.

माहेर रहिमतपूरजवळचं. भैरोबाची यात्रा दोन दिवसांची, आणि पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान आमच्या घराण्याचा. घराणं म्हणजे आता दोघंच — माझे वडील, म्हणजे आप्पा, आणि त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं असं फाटलं की काका माझ्या लग्नालासुद्धा आले नाहीत. शेवटी यात्रा कमिटीने तोडगा काढला — पहिला दिवस आप्पांचा, दुसरा काकांचा. एकाच्या दिवशी दुसऱ्याने देवळाकडे फिरकायचंही नाही.

कुठल्या दिवशी कुठला मान कुणाचा, ते सांगणाऱ्या मानकऱ्यांच्या पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तू परीक्षेचं तक्तं करतीस न्हवं? मग ह्यो बी कर," आप्पांचा हुकूम. मी प्रश्नपत्रिका लेटेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये करते. त्यात माउसने चौकटी ओढायच्या नसतात, आज्ञा लिहायच्या असतात; मग फाइल चालवली की छापायची पीडीएफ तयार होते. तीच तीच आज्ञा पुन्हा लिहायला नको म्हणून तिला एक नाव द्यायचं — तो मॅक्रो. मी दोन मॅक्रो केले. 'खण' म्हटलं की नाव छापून खाली आडवी रेघ. 'जोडखण' म्हटलं की दोन्ही दिवसांचा मिळून एकच उभा खण, मधे रेघ नाही. जोडखण फक्त देवावर ढाळायच्या चवरीच्या मानासाठी वापरला, कारण चवरी दोन्ही दिवस एकाच घरची. खांद्याचा रकाना तर डोळ्यांत तेल घालून तपासला. वर आप्पा, मधे रेघ, खाली काका. स्क्रीनवर सगळं ठीक. पीडीएफ प्रेसला मेल केली आणि निर्धास्त झाले.

आमच्याकडे एक पद्धत आहे. छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा न सोडता आधी भैरोबापुढे ठेवतात, गुलाल टाकतात, मगच वाटतात. आणि एकदा गुलाल पडला की त्यात पेन लावायचा नाही. तपासायचं ते आधी तपासा! पण प्राध्यापकीणबाईंनी केलंय म्हटल्यावर सगळे निवांत.

पत्रिका हातात आली आणि आप्पा कडाडले, "काय गं ह्ये? माज्या दिवसात त्येचं नाव कसं?"

खांद्याचा जोडखण झाला होता. दोघांची नावं एकाच चौकटीत, मधली रेघ गायब. म्हणजे दोन्ही दिवस दोघांनी मिळून खांदा द्यायचा!

मेल उघडला — पाठवलेल्या पीडीएफमध्येही तेच. मूळ फाइल उघडली — तिथे मात्र खण, खण. पुन्हा चालवली — रेघ जागच्या जागी! गुरवमामांच्या हातापाया पडले, एवढी एक रेघ हाताने मारू द्या. ते म्हणाले, "न्हाई पोरी. गुलाल पडलाय. द्येवानं पदरात घेतलं, आता झालं."

आप्पा माझ्याशी बोलेनात. मला तर रडूच कोसळलं... आता देवळापुढे हाणामारी होणार, आणि तीही माझ्या तक्त्यापायी.

पहिल्या दिवशी काका आले. फेटा बांधून, आप्पांच्या पाठीशी दांडीला उभे राहिले.

"गुलाल पडलाय म्हून आलोय," काका म्हणाले. "दादासाठी न्हाई."

आप्पांनी मान वळवूनही पाहिलं नाही. पालखी निघाली.

देवळाच्या चढावर आप्पांचा पाय अडखळला. मला वाटलं, दगड लागला असेल. पण चेहरा पांढराफटक, हात दांडीवरून सुटत चाललेला... काकांनी दांडी आपल्या खांद्यावर पेलली आणि दुसऱ्या हाताने आप्पांना कवेत धरलं. "सोड दादा, खांदा सोड! मी हाय न्हवं!"

काकांच्याच गाडीतून साताऱ्याला नेलं. हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर... पुढचं ते बोलले नाहीत, ते बरंच झालं.

मागे दुसरं कुणी असतं तर त्यानेही धरलं असतं, असं मी स्वतःला समजावते. पण आमच्याकडे पुढच्या खांद्याला मानकरी एकटाच असतो. तिथे दुसरा माणूस उभा राहिला तो केवळ त्या चौकटीमुळे.

गाव म्हणतं, भैरोबाने केलं. कॉलेजातले एक सर म्हणतात, चुकून जुनी पीडीएफ गेली असेल. पण तसा तक्ता मी कधी केलाच नव्हता, मग जुनी कुठली? खरंच सांगते, डोकं चालत नाही.

आता यंदाची यात्रा आलीये. दोघा भावांनी मिळून सांगितलंय, "औंदा आमची नावं एकाच खणात घाल." मी स्वतःच्या हाताने जोडखण टाईप केलाय, दोन्ही नावं नीट वाचून पाहिलीयेत. बाहेर ओट्यावर आप्पा काकांशी पाण्याच्या पाळीवरूनच हुज्जत घालतायत, आवाज इथपर्यंत येतोय. फाइल समोर उघडी आहे... आणि ती चालवायचं मला धाडस होत नाही.

खणात दोन्ही नावं येतील ना?