सूरला सुरकर कोणी नाही

या सहलीची सुरुवात मस्कतमधल्या आमच्या रुवीच्या ऑफिसात झाली आणि तीही एका गोऱ्या साहेबाच्या आडनावावरून. मॅकिन्टायर नावाचे एक कॅनेडियन इंजिनियर आमच्याकडे वर्षभरासाठी आले होते. त्यांच्या टेबलामागे स्कॉटलंडचा एक नकाशा टांगलेला होता आणि त्यात एका खाडीच्या काठावर लाल टाचणी होती. मी एकदा सहज विचारलं, तर गृहस्थ अर्धा तास थांबले नाहीत. नाव मूळ गेलिक भाषेतलं. मॅक म्हणजे मुलगा आणि पुढचा भाग म्हणजे सुतार. "म्हणजे आमच्याकडचे सुतारच की तुम्ही!" मी म्हटलं. त्यांनी मूळ पुरुषाची गोष्टही सांगितली: भर समुद्रात बोटीला भोक पडलं, तेव्हा त्याने आपला अंगठा कापून त्या भोकात बसवला आणि बोट वाचवली. आता त्या टाचणीच्या जागी या आडनावाचं कोणी राहत नाही. सगळे कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात. साहेब स्वतः तिथे एकदाच गेले होते आणि मेंढ्या बघून परत आले.

मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुमचं इब्राहिम कुठून आलं?"

काय सांगणार? इब्राहिम हे काही गाव नाही, ते माझे वडील आहेत, आणि त्या वेळी अल् घुब्रातल्या माझ्या फ्लॅटमध्ये बसून चहात बटर बुडवत होते. त्यांचा पासपोर्ट काढताना एजंट म्हणाला होता, अरबांना एवढी लांब नावं लागत नाहीत, आणि त्याने आडनावाची जागा रिकामी सोडली. अब्बा मस्कतला उतरले ते नुसते इब्राहिम हसन म्हणून. पुढे आमच्या सगळ्या कागदांवर अब्बांचं नावच आमचं आडनाव होऊन बसलं. आमचं खरं आडनाव सुरकर. ते फक्त गावातल्या लोकांच्या तोंडात उरलंय.

आमचं गाव राजापूरच्या खाडीकाठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी, की आमचा मूळ पुरुष ओमानच्या सूर बंदरातून खजुराचं गलबत घेऊन आला, खाडीत अडकला, लग्न करून राहिला. म्हणून सुरकर. गावातल्या टवाळांची गोष्ट वेगळी. कोकणात माडाच्या ताडीला सूर म्हणतात, तेव्हा सुरकर म्हणजे सूर काढणारे, नाहीतर पिणारे! पाच वक्त नमाजी माणसाला शाळेपासून हे ऐकावं लागलं. अब्बा अजून त्यावर चिडतात. म्हणजे चिडायचे.

आता यातली गंमत बघा. अब्बा मस्कतजवळच्या बरक्याला राहून पंचवीसेक वर्षं ट्रेलर चालवत होते. निझवा, सलाला, बुरेमी, सगळं पालथं घातलं, पण सूरला कधी गेले नाहीत. अर्बाबने, म्हणजे मालकाने, सूरचा माल दिला, की ते एका पठाण ड्रायव्हरशी फेरी बदलून घ्यायचे. "सूरला माल घेऊन जायचा नाय," ते म्हणायचे. "पावना म्हणून जायचा. सदरा-टोपी घालून." ते राखून ठेवणं इतकं लांबलं, की नोकरी संपली, अब्बा गावी गेले, आणि काचबिंदूने डोळे नेले. या वेळी माझ्याकडे विझिट व्हिसावर आले, तेव्हा त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

मॅकिन्टायरची गोष्ट मी त्यांना सांगितली. अंगठ्याचा भाग ऐकून म्हणाले, "अंगठा कापला? खिळा नव्हता काय बोटीत?" मग म्हणाले, "शमीम, येत्या जुम्म्याची नमाज सूरला पढूया गो."

नवऱ्याची ड्युटी होती, त्यामुळे आम्ही दोघंच निघालो. जाणार असाल तर ऑक्टोबरनंतर जा, उन्हाळ्यात जीव नकोसा होतो. मस्कतहून कुरियातमार्गे सूरपर्यंत रस्ता इतका सुंदर आहे, की साधी छोटी गाडी पुरते. फक्त वेग टिपणारे रडार जपा, दर थोड्या अंतरावर उभे असतात. शुक्रवारी सकाळी आठला निघालो तर अकराच्या आत पोहोचतो, वाटेत थांबूनही.

नवशिक्या ड्रायव्हरच्या शेजारी परीक्षक बसवल्यावर जे होतं, ते माझं झालं. अब्बांना दिसत नव्हतं, पण कानाला आणि बुडाला सगळं कळत होतं. "गिअर उशिरा टाकलास." "उजवीकडं का खेचतेस, दर्या डावीकडं हाय काय?" दर्या डावीकडेच होता. कुरियातच्या पुढे घाट उतरला, की एका बाजूला करडे, बोडके डोंगर आणि दुसऱ्या बाजूला निळं पाणी, इतकं निळं की खोटं वाटावं. मी वर्णन करत होते आणि माझे शब्द संपत होते. निळं, खूप निळं, अजून निळं. अब्बा म्हणाले, "असूंदे. गाडी बघ."

बिम्माच्या खोल खड्ड्यापाशी थांबलो. जमीन खचून झालेलं हिरव्या पाण्याचं कुंड आहे, बाग चांगली ठेवली आहे, तिकीट नाही, पायऱ्या उतरून पोहता येतं. अब्बा वरच बाकावर बसले. आम्ही घरून चपात्या आणि अंड्याची बुर्जी नेली होती ती खाल्ली, आणि शेजारच्या गाडीवरचा करक, म्हणजे कडक दुधाचा, चहा घेतला. वादी शाबच्या पाणथळ घळीत जायचं असेल तर अर्धा दिवस वेगळा काढा, बोटीने पलीकडे जाऊन बरंच चालावं लागतं. आम्ही पुलावरून नुसतं खाली बघितलं. म्हणजे मी बघितलं.

सूर जवळ आलं तसे अब्बा सरळ बसले. मागच्या सीटवरची पिशवी मागून घेतली, इस्त्रीचा पांढरा सदरा काढला आणि चालत्या गाडीत, बेल्ट लावलेला असताना, घालायला लागले. मी गाडी बाजूला घेतली. बटणं वरखाली लागली होती, ती मी नीट लावली. त्या वेळी मला फार वाईट वाटलं. डोळे होते तेव्हा हा सदरा घालायला काय हरकत होती, असं तोंडावर आलं होतं, ते गिळून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

अब्बांनी जुम्म्याची नमाज सूरच्या मशिदीत पढली. नमाज झाल्यावर सूर झोपी जातं हे लक्षात ठेवा. शुक्रवारी दुपारी दुकानं बंद, चारनंतरच हालचाल. किनाऱ्याजवळच्या एका मल्याळी हॉटेलात भात आणि तळलेली सुरमई मिळाली. तुकडा हाताएवढा, मसाला थोडा कमी. "सुरमई पण सूरचीच असंल," अब्बा म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या दिवशी ते शेवटचं मोकळं हसले.

असरच्या नमाजनंतर, ऊन उतरल्यावर, झुलत्या पुलावरून पलीकडे अय्जाला गेलो. सूरमध्ये एकच जागा बघायची असेल तर ही बघा. पांढरी घरं, टोकाला दीपगृह, खाडीत नांगरलेली लाकडी गलबतं. दीपगृहाखालच्या चहाच्या दुकानाबाहेर एक म्हातारे ओमानी काठी घेऊन बसले होते. नाव खमीस. अब्बांनी सलाम केला, मोडक्या अरबीत सुरुवात केली, तर म्हाताऱ्यांनीच हिंदी काढली. जवानीत गलबतावर होते, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर महिनोन्‌महिने काढलेले. कहवा आला, खजूर आले. अब्बा पुढे सरकून बसले, घसा साफ केला आणि आयुष्यभर घोकून ठेवलेलं वाक्य बोलले.

"हम लोग असल में सूर का है. हमारा नाम सुरकर."

खमीसचाचा खूष झाले. "अह्लन! कबीला बोलो. कौन सा कबीला?"

"सुरकर," अब्बा पुन्हा म्हणाले.

"वो तो सूरवाला हुआ. कबीले का नाम? बाप, दादा, उसका दादा, वो कौन लोग?"

"सुरकर," अब्बा तिसऱ्यांदा म्हणाले, पण आवाज खाली गेला होता.

म्हाताऱ्यांनी काठी जमिनीवर टेकवली. चिडले नव्हते, समजावत होते. "भाई, सूर में तो सब सूरवाला है. इधर सूरवाला नाम कौन रखेगा? ये नाम तुमको उधर मिला. मैं बंबई में था तो मेरे को भी सब बोलते थे, ओ मस्कती! इधर कोई बोलता है? तुम कबीला बोलो, मैं अभी घर दिखाता. दस कदम पर होगा, क्या मालूम."

मी अब्बांकडे बघत होते. आपल्याकडे देवरुखात देवरुखकर शोधायला जाणारा माणूस वेडाच. देवरुख सोडून जो बाहेर पडला, त्याला बाहेरचे देवरुखकर म्हणतात. हे आपल्याला उपजत ठाऊक असतं. तरी आमच्या घरात इतक्या पिढ्यांत कोणाच्या डोक्यात आलं नाही, की ‘कर’ हे अरबी नाही, मराठी आहे. तो खलाशी सूरहून निघाला तेव्हा सुरकर नव्हताच. त्याला सुरकर केलं ते खाडीकाठच्या आमच्याच लोकांनी. त्याचं आधीचं नाव काय होतं, ते विचारून ठेवायला हवं होतं. कोणी ठेवलं नाही.

"मालूम नहीं," अब्बा म्हणाले.

खमीसचाचा चुकचुकले. थोड्या वेळाने म्हणाले, "कोई बात नहीं. आज रात का खाना मेरे घर. मेहमान हो."

"इन्शाल्ला," अब्बा म्हणाले. "फिर कभी."

या इन्शाल्लाचा अर्थ ‘नाही’, हे गल्फमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको. म्हाताऱ्यांनाही कळला. त्यांनी अजून एक खजूर अब्बांच्या हातात ठेवला आणि आग्रह केला नाही. मला वाटतं अब्बांना आपल्या माणसाच्या घरी पाहुणा व्हायचं होतं, कोणाच्याही नाही. आयुष्यभर ज्यासाठी सूर राखून ठेवलं, ते आमंत्रण समोर आलं आणि त्यांनी ते परत केलं.

हॉटेलच्या खोलीत ते जेवले नाहीत. खोली समुद्राकडची घ्या, थोडे जास्त रियाल पडतात, पण पहाटे वारा छान येतो. त्या वाऱ्यात बसून अब्बा एवढंच म्हणाले, "मंग सूर माडाची का बंदराची, ता आता कळायचा नाय."

शनिवारी सकाळी गलबतांचा कारखाना बघायला गेलो. हा चुकवू नका. एक मोठं गलबत सांगाड्यावर उभं होतं आणि सागवानाचा वास गेटापासून येत होता. कामाला सगळे आपल्याकडचे, केरळचे. मुकादमाने अब्बांना आत सोडलं. अब्बा फळीवरून हात फिरवत गलबताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. दोन फळ्यांमध्ये अजून कापूस ठोकून बुजवायची राहिलेली एक फट लागली, तिथे थांबले, आपला अंगठा आत घालून बघितला आणि म्हणाले, "तुझ्या सायबाचा बाबा येडा नव्हता गो. त्येचा नाव तरी ऱ्हायला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, त्या खमीसकडं जाऊया. जेवन नाय तर चाय घेऊ त्याच्या घरची."

आम्ही परत अय्जाला गेलो. खुर्ची रिकामी होती. दुकानातला मल्याळी म्हणाला, चाचांना मुलगा सकाळीच मस्कतला घेऊन गेला, दवाखान्यात तारीख होती. घर विचारलं तर त्याने दाखवलं. निळा दरवाजा, बाहेर कुलूप. खरंच दहा पावलांवर होतं. अब्बांनी दरवाज्यावर हात ठेवला, लाकूड चाचपलं, आणि म्हणाले, "यल्ला, निघूया."

परतीच्या वाटेवर त्यांनी माझ्या गाडी चालवण्यात एकही चूक काढली नाही. त्याचा मला त्रास झाला.

पुन्हा सूरला जाऊ, या वेळी आधी फोन करून, असं ठरलं होतं. व्हिसा संपला, अब्बा गावी परतले, आणि पुढच्या हिवाळ्याच्या आत गेले. मी विमान पकडून, रत्नागिरीहून जीप करून खाडीकाठी पोहोचले तेव्हा दुपार टळत होती. मशिदीच्या भोंग्यावरून दफनाची वेळ सांगत होते. मी जीपमधून उतरता उतरता ऐकलं: "मस्कतवाले इब्राहिमचाचा यांचा इंतकाल झालेला आहे."

सुरकर नाही. भोंग्यावर सांगणाऱ्या पोराला ते आडनाव बहुधा ठाऊकही नसेल. आमच्या घराला सगळे मस्कतवाल्यांचं घर म्हणतात. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं.

ज्या टवाळांनी अब्बांना ताडीवरून चिडवलं, त्यांतले उरलेसुरले दोघंतिघं जनाज्याला खांदा द्यायला पुढे होते. त्यांना सांगावंसं वाटलं, की अब्बा सूरला जाऊन आले, सदरा घालून गेले, त्यांना तिथे जेवायचं आमंत्रण होतं. यातला एक शब्दही खोटा नाही.

आता परत अल् घुब्रात आले आहे. मॅकिन्टायर साहेब कॅनडाला गेले, जाताना नकाशा घेऊन गेले. मी घरी एका वहीच्या पहिल्या पानावर, जितकी आठवतात तितकी, मागची नावं लिहून ठेवली आहेत: इब्राहिम, त्यांचे वडील हसन, त्यांचे वडील दाऊद. चौथं नाव विचारायला गावी फोन केला, तर पलीकडून मावशी म्हणाली, "अगो, ता इब्राहिमलाच म्हायत होता."