पत्रपेटीपाशी दिवा

त्या सकाळी चहा झाल्यावर मी आणि ही फोटो काढायला बाहेर पडलो. परदेशात, श्रूजबरीला मुलाच्या घरी आमचा तो दुसरा हिवाळा. मुलानं मला कॅमेरा दिला आणि मला नादच लागला. थंडीत त्याचे सेल लगेच बसतात, म्हणून ही जादा सेल स्वेटरच्या आत धरून माझ्यामागं उभी राहायची. मी मागं हात केला की गरम गरम सेल हातावर ठेवायची. रात्री पाऊस पडून झाडावरच गोठला होता. "अहो, काचेचं झाड बघा," म्हणाली. मी म्हटलं, "काचेचं कसलं, फांद्या मोडायला लागल्यात त्याच्या." आमचं असंच. तिला शोभा दिसायची, मला हाल. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मागं सेल रस्त्यावर पडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर ही बर्फावर घसरून रस्त्याकडेच्या पत्रपेटीपाशी आडवी. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माणूस जिथं गेलं तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा, त्याला वाट दिसावी म्हणून, अशी आमच्याकडची रीत. मुलगा म्हणाला, "बाबा, बाहेर स्नोमध्ये पॉसिबल नाहीये. त्या जागेचा फोटो काढा, मी प्रिंट करतो. हॉलमध्ये त्याच्यापुढं दिवा लावू." मी विचारलं, "तुझी आई हॉलमध्ये गेली का रे?" मी दिवा रस्त्याकडेला पत्रपेटीच्या खांबाशीच ठेवला.

मी शिकलेला नाही, जन्मभर गॅरेजमध्ये फिटरचं काम केलं. देवाधर्माचं खातं हिच्याकडं. दर गुरुवारी दत्ताचा उपास. त्याला मी तोंडावर विचारलं, परक्या मुलखात रस्त्यावर नेलीस, हेच का फळ? मग त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला एकच काळजी, दिवा विझला तर ही या पांढऱ्या रानात कुठं चाचपडत बसेल. पहिल्या दिवशी साजूक तूप घातलं, तर ते गोठून दगड झालं. मग तिळाचं तेल. वारा आला की विझायचा, मी काडेपेटी घेऊन पळायचो. बोटं फुटून रक्त यायचं. तिथंच उभा राहून फोटो काढायचो. मोडलेल्या फांदीचा काढला. पिसं फुगवून कुडकुडणाऱ्या चिमणीचा काढला. सेल बसले की सवयीनं हात मागं जायचा आणि तसाच राहायचा.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वादळ आलं. काडी पेटेना, पेटली तर वात धरेना. मुलगा ऑफिसात अडकलेला. तिन्हीसांजेला बर्फ ओढायची मोठी गाडी दिवे फिरवत आमच्या रस्त्याला वळली. आता ती दिवाच ढिगाखाली घालणार. मी धावलो. मागून सूनबाई ओरडली, "बाबा, बूट तरी घाला!" मी सपातांवरच गाडीपुढं हात पसरून उभा राहिलो.

गाडी करकचून थांबली. आतला दाढीवाला काहीतरी ओरडला. म्हाताऱ्या, मरायचंय का, असंच असणार. मी दिव्याकडं बोट केलं. "वाईफ," म्हटलं. "हिअर." पुढं इंग्रजी संपलं आणि मी रडायला लागलो. सूनबाईनं पोचून त्याला सगळं सांगितलं. तो खाली उतरला. त्या वाऱ्यात त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग फावडं आणलं, दिव्याच्या तीन बाजूंनी बर्फ रचला, थोपटला, वर छत केलं. देव्हाराच झाला. त्यानं लायटर माझ्या हातात दिला. मी वात पेटवली, ती सरळ उभी राहिली. ज्या बर्फानं तिला नेलं त्यानंच आता तिचा दिवा आडोशाला धरला होता.

जाताना तो काही बोलला. सूनबाई म्हणाली, "बाबा, ते म्हणतायत, तुम्ही घरात जा. आज रात्रभर मीच या रस्त्यावर आहे." त्यानं गाडीपुढचं बर्फ ढकलायचं पातं उचललं आणि गाडी वळसा घालून नेली. तेव्हा दिसलं, त्याच्या शेजारच्या सीटवर एक कुत्रा शहाण्यासारखा बसला होता. दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. मी काही म्हणत नाही. दिसलं ते लिहिलं.

ती गेल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मला झोप लागली. इतके दिवस वाटायचं, दिवा मी राखतोय. राखणारा कुणी वेगळाच असतो, आपण फक्त काडी ओढायची. हे मला त्या माणसानं शिकवलं. त्याचं भलं होवो.

सकाळी ऊन पडलं होतं. रस्ता लख्ख ओढलेला, तेवढी जागा सोडून. आत वात अजून तेवत होती आणि सगळा बर्फ आतून केशरी दिसत होता. खरंच सुंदर दिसत होता. कॅमेरा गळ्यात होता, पण फोटो काढला नाही. हात जोडायला दोन्ही हात लागतात. मी तिला म्हटलं, "उजाडलंय. वाट दिसतेय. नीघ आता."