अंदाजे चाळीस

लातुरात नरसिंग सरांचा फिजिक्सचा क्लास त्यांच्या लाकडी डस्टरसाठी प्रसिद्ध होता. माझ्या कपाळावरचा व्रण त्याच डस्टरचा. त्यामुळं कुणी 'बिचारे सर' म्हटलं की माझं टाळकं आजही सरकतं.

त्या दिवशी वर्गातल्या लुंबिनीनं विचारलं, "सर, ज्या ताऱ्याला ग्रह आहेत, त्याचं वय कसं काढतात?"

सर खुलले. "तरणा तारा लई माजलेला असतो. गरागरा फिरतो, जवळच्या ग्रहांना भाजून काढतो. वय झालं की फिरणं मंदावतं. त्यावरून वय काढायचं. अंदाजेच हां, अब्ज वर्षांचीबी चूक होऊ शकती."

मी मागून ओरडलो, "म्हणजे एक जूनच की!" वर्ग हसला. गावाकडं जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी शाळेच्या दाखल्यावर एक जून लिहायचे. आमच्या निम्म्या बापांचा वाढदिवस त्याच दिवशी.

डस्टर सणसणत आलं. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत गेलं.

सरांनीच धावत येऊन माझ्या कपाळावर रुमाल दाबला.

"भूकंपात आईला मी दगडांखालून ओढून काढलं," ते म्हणाले. "तलाठ्यानं मेलेल्यांच्या यादीसाठी तिचं वय विचारलं. मला सांगता येईना. त्यानं तिच्या चेंदलेल्या तोंडाकडं बघितलं अन् लिहिलं, अंदाजे चाळीस. मी त्याचे दात पाडले."

रुमाल लाल झाला होता.

"येत्या एक जूनला मी एक्केचाळीसचा होतो. आईपेक्षा थोरला."