अर्ध्या ग्लासाचा आग्रह

थँक्सगिव्हिंगचं उरलंसुरलं अजून फ्रीजमधून संपलेलं नसतं, तेवढ्यात माझा फोन वाजायला लागतो. ‘वहिनी, यादी?’ ‘काकू, लिस्ट प्लीज!’ शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये आमची दहा-बारा मराठी घरं आहेत, आणि त्या घरांतली इथेच वाढलेली, आता नोकऱ्या करणारी मुलं. नाताळच्या सुट्टीत कुणाकडे जेवायला जाताना कुठली वाइन न्यावी, हे त्या सगळ्यांना माझ्याकडून हवं असतं. मी नागपूरची. आमच्याकडे कुणी दारूचं नुसतं नाव काढलं तरी आई उठून आत निघून जायची. तिच्या लेकीला लोक असले सल्ले विचारतात हे तिला कधी कळलं नाही, ते एक बरंच झालं.

या सगळ्याची सुरुवात रडण्यातून झाली. धाकट्याला पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी युनिव्हर्सिटीत सोडलं आणि परत निघालो, तर माझं रडं काही थांबेना. नवरा बिचारा समजूत घालणाऱ्यांतला नाही. त्यानं गाडी घराकडे न नेता सरळ उत्तरेला वळवली. कुठे चाललोय, मी विचारलंही नाही. दोन-तीन तासांनी न्यूयॉर्क राज्यातली ती लांबुळकी तळी दिसायला लागली. काठाच्या उतारांवरून द्राक्षांच्या रांगा पार पाण्यापर्यंत उतरलेल्या, ऊन कललेलं. एका लाल कोठारासमोर गाडी थांबवून तो म्हणाला, ‘चल, पाय मोकळे कर.’

आत पांढऱ्या केसांची एक बाई होती. माझे डोळे बघून तिनं काही विचारलं नाही. ग्लासात बोटभर रिझलिंग ओतली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा वाइन तोंडाला लावली ती अशी, नाक ओढत. आंबट होती, पण कैरीच्या फोडीसारखी, आपोआप डोळे मिटायला लावणारी. डोळे उघडले तेव्हा बाहेर तळं चमकत होतं आणि एक होडी जागच्या जागी उभी होती. रडं केव्हा थांबलं कळलंच नाही. मी तिथल्या बाकावर तासभर तरी बसले असेन. नवरा म्हणतो, वीस मिनिटं.

मग सुट्टीच्या दिवशी रिकाम्या घरात बसण्यापेक्षा आम्ही निघायला लागलो. तो ड्राइव्ह करायचा, मी चाखायची. मोठ्या दुकानात पहिल्या फळीवर मांडलेल्या वाइन्सवर माझा राग आहे. वर्षानुवर्षं एकच चव, जणू कारखान्यात छापलेली. मला हव्या असतात त्या छोट्या माणसांच्या. नवरा-बायको, एक ट्रॅक्टर, एक म्हातारा कुत्रा आणि टेकडीवर चार एकर वेल, एवढाच पसारा. मिसूरीत नदीकाठच्या टेकड्यांवर नॉर्टन नावाचं अस्सल इथलंच द्राक्ष होतं. काळंभोर, तुरट, जीभ जांभळी करणारं. मटणाच्या तांबड्या रश्श्यापुढे उभं राहावं तर त्या वाइननंच, बाकीच्या नाजूक बायका पळ काढतात. विस्कॉन्सिनमध्ये एकजण क्रॅनबेरीची वाइन करतो. हसू नका, भरल्या वांग्यांबरोबर घेऊन बघा आणि मग हसा.

आणि मिशिगनची आइसवाइन. तिकडे उत्तरेला सरोवरात घुसलेली जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे, दोन्ही अंगांना पाणी. तिथलं एक जोडपं काही द्राक्षं हिवाळा पडेपर्यंत वेलावरच राखतं. कडाक्याची थंडी आली की पहाटे जाऊन ती गोठलेली द्राक्षं खुडायची आणि गोठलेलीच दाबायची. गारगोट्यांसारखे मणी, त्यातून थेंब थेंब दाट गोड रस. आम्ही गेलो तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. जमीन कुठे संपते, पाणी कुठे लागतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही समजत नव्हतं. फक्त वेलांचे काळे खुंट दिसत होते. मी काच खाली केली तर कसलाच आवाज नाही. आपण झोपेत आहोत आणि आता कुणी हाक मारू नये, असं वाटत राहिलं. यादीत मी तिच्यापुढे लिहिते, ‘जेवण झाल्यावर, छोट्या ग्लासात, कुणी फार बोलत नसताना.’

मी कुठल्याही वाइनला मार्क देत नाही. कशाबरोबर आणि कुणाबरोबर प्यायची, तेवढंच लिहिते. ‘ही सासूसमोर नको, जीभ सैल होते,’ असंही एकदा लिहिलं होतं. त्यावरून दोन घरांत अबोला झाला.

आता माझ्या खोडीकडे येते. मी भयंकर आग्रही बाई आहे. पाहुण्याचा पहिला ‘नको’ धरायचा नसतो, ती रीत असते. दुसरा ‘नको’ म्हणजे संकोच. तिसऱ्यांदा तो ताटावर आडवा पडला, तर पोट भरलंय असं समजायचं, आणि तरी एक पोळी वाढायचीच. मी असंच शिकले, असंच वाढत आले, आणि मला त्याचा अभिमान होता.

तीन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या रविवारी आमच्याकडे दुपारचं जेवण होतं. खिडकीबाहेर बर्फाचा उजेड, आत रश्श्याचा वास, बारा माणसं. त्यांत आमचा एक जुना मित्र होता. पुण्याचा, नवऱ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. इथे आल्यापासून तो दिरासारखा आमच्या घरात वावरला होता, माझी मुलं त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली होती. शौकीन माणूस. माझ्या यादीचं पहिलं गिऱ्हाईक तोच. मी नॉर्टन ओतत ओतत त्याच्यापाशी आले, तर त्यानं ग्लासावर हात ठेवला.

‘वहिनी, आज नको.’

‘का रे? उपास धरलास की काय?’ सगळे हसले.

‘नको, ड्राइव्ह करायचंय.’

‘बायको करेल की!’

‘नको वहिनी. खरंच.’

हा त्याचा तिसरा ‘नको’ होता. मी म्हटलं, ‘अरे, खास तुझ्यासाठी मिसूरीहून आणलीय. अर्धा ग्लास. माझी शपथ आहे तुला.’ आणि मनगट धरून त्याचा हात उचलला नि ओतली.

तो थोडा वेळ ग्लासाकडे बघत राहिला. मग एका दमात, पाण्यासारखी पिऊन टाकली. माझ्या नॉर्टनची ही काय पिण्याची पद्धत, असं माझ्या मनात आलं. बस्स, एवढंच आलं.

त्याची बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मीही रश्श्याचं रिकामं पातेलं घेऊन मागोमाग गेले. नळ सोडून ती सिंकला धरून उभी होती. ‘वहिनी, त्यानं सोडली होती,’ ती म्हणाली. ‘ऑगस्टपासून. रोज ऑफिसातून येऊन एकटा बसायचा, ते हाताबाहेर गेलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं, लाज वाटते म्हणून. आज इथे यायलाही तयार नव्हता. मीच म्हटलं, वहिनींकडे जाऊया, तिथे घरच्यासारखं असतं.’

माझ्या हातात पातेलं होतं. ते कुठे ठेवावं तेसुद्धा मला सुचेना.

तो पुन्हा प्यायला लागला. जानेवारीत नोकरी गेली, वसंतात तो उपचारांसाठी केंद्रात राहायला गेला. हे सगळं त्याच्या बायकोच्या दोन-दोन ओळींच्या मेसेजमधून कळायचं. मी तिला माफी मागणारं लांबलचक पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, ‘मिळालं.’ नवरा म्हणायचा, ‘अगं, तो आजार आहे. तुझ्या अर्ध्या ग्लासानं होत नसतो.’ खरं असेल. पण त्याचा हात उचलणारा हात माझा होता, त्याचं मी काय करू? लोकांच्या मेसेजना मी उत्तरं देणं बंद केलं. दोन वर्षं यादी नाही. मला कुठल्याही वाइनची चव नको होती. मला फक्त तो माणूस पुन्हा एकदा आमच्या दारातून आत आलेला हवा होता. त्याला बोलवायची हिंमत मात्र होईना, कारण बोलावणं म्हणजे पुन्हा आग्रहच.

यंदा डिसेंबर लागला आणि त्याचा मेसेज आला. ‘वहिनी, रविवारी दुपारी येऊ का? एका वाइनबद्दल विचारायचंय.’

माझ्याकडून कुणाला काही हवं असेल तर वाइन सोडून काहीही असावं, आणि हा नेमकं तेच मागत होता! आधी त्याच्या बायकोला विचारावं म्हणून तीनदा फोन हातात घेतला. मग वाटलं, त्याच्या पाठीमागे विचारणं म्हणजे पुन्हा मनगट धरणंच आहे. मी लिहिलं, ‘ये.’

तो आला. वाळला होता, कानशिलं पांढरी झाली होती. दारात बूट झटकत त्यानं ‘काय वहिनी’ म्हटलं, ते अगदी पहिल्यासारखं. मी चहा केला. बेसनाचा एक लाडू ठेवला. दुसरा देऊ लागले तर तो ‘नको’ म्हणाला, आणि मी गुपचूप ताटली उचलली. त्यानं माझ्याकडे जरा निरखून बघितलं.

त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा इथलाच, आयोवाचा. नाताळच्या दुपारी त्याच्या आईवडिलांनी यांना जेवायला बोलावलं होतं आणि त्या घरात सगळे वाइनचे दर्दी. ‘रिकाम्या हातानं कसं जाणार?’ तो म्हणाला. ‘बाटली बायको आणेल आणि तीच देईल. मला फक्त कुठली ते सांगा. मी पीत नाही, अडीच वर्षं होऊन गेली.’

मी डोळे मिटले. फार दिवसांनी त्या रांगा, ती तळी, ते बर्फ हळूहळू डोळ्यांपुढे यायला लागलं. मग कॅलिफोर्नियातलं एक वावर आठवलं. आमच्या मोठ्या लेकीला भेटायला क्युपर्टिनोला गेलो होतो, तेव्हा तिथून वाकडी वाट करून पाहिलेलं. शंभरी गाठलेले बुटके, गाठाळ वेल, आणि एकाच वावरात सात-आठ जातींचे. दूरदूरच्या देशांतून आलेल्या माणसांनी जे हाताला लागलं ते लावलं. आता कुठला वेल कुठल्या जातीचा, हे मालकालाही धड सांगता येत नाही. सगळी द्राक्षं एकाच दिवशी खुडतात आणि एकाच टाकीत घालतात. त्या संध्याकाळी वावरात अशी ऊब होती की मी बांधावर बसल्या बसल्या पेंगले होते.

‘ती ने,’ मी सांगितलं. ‘आणि टेबलावर तिची ही गोष्ट सांग. दोन घरं जोडायच्या दिवशी शोभेल. सगळे बाटलीकडे बघतील, तुझ्या ग्लासाकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.’

त्यानं नाव फोनमध्ये लिहून घेतलं. तरी तो उठेना. बाहेर झाडावरचं बर्फ घसरून पडत होतं, ते बघत बसला.

‘वहिनी,’ शेवटी तो म्हणाला, ‘वाइन हे निमित्त होतं. मला ‘नको’ म्हणायची प्रॅक्टिस करायचीय. दारू सोडलेल्यांच्या ग्रुपमध्ये आम्हाला शिकवतात. ऑफिसच्या पार्टीत इंग्रजीत ‘नो, थँक यू’ सहज जमतं. पण कुणी मायेनं म्हटलं की मी हो म्हणून बसतो. तो व्याही मायाळू माणूस आहे, खांद्यावर हात टाकून बोलतो. तुमच्याएवढा आग्रह मला जन्मात कुणी केलेला नाही. तुम्ही करा.’

‘मेल्या, हे काय मागतोस!’ मी ओरडलेच. ‘माझ्याच्यानं होणार नाही.’

‘तुम्हीच हव्यात,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला जमलं नाही तर मलाही जमणार नाही.’

त्यानं स्वतःच उठून मांडणीवरचं एक रिकामं फुलपात्र आणून समोर ठेवलं. मी समोर बसले. मग म्हटलं, ‘घे रे थोडी.’

‘नको.’

‘अरे, लेकीचं लग्न ठरलंय. शकुनाचा घोट.’

‘नको वहिनी.’

‘एवढ्या प्रेमानं दिलेलं परत करतात का?’

‘नको.’

आतल्या खोलीतून नवरा उठून दारात येऊन उभा राहिला. मी थांबले नाही. सगळं काढलं. रुसले, हसले, ‘आम्ही परके का?’ म्हटलं, ‘आमचं मन मोडशील?’ म्हटलं. दर वेळी त्याचा ‘नको’ आला, कधी चटकन, कधी उशिरा. त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मी हात जोडल्यासारखी बसून एकेक वाक्य म्हणत होते. मग एकच उरलं. ते म्हणायला माझी जीभ रेटेना. त्याला कळलं असावं. त्यानं मान हलवली, म्हणा.

‘माझी शपथ आहे तुला,’ मी म्हटलं.

तो फुलपात्राकडे नाही, सरळ माझ्याकडे बघत होता.

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘तुमची शपथ मोडतो. नको.’

‘बरं,’ मी म्हटलं.