माहेच्या धक्क्यावर मंजुळाजिजी

बोटीवर रोज सकाळी तोंड धुतलं की मंजुळाजिजी कठड्याशी जायची आणि जो पहिला दिसेल त्या खलाशाला विचारायची, “दादा, आज जमीन येई का?” तो हसून मान हलवायचा. “मंग उद्या येई,” असं स्वतःलाच सांगत ती परत आपल्या वळकटीवर येऊन बसायची.

जिजी कोरीटची, गुजर शेतकऱ्याची विधवा. तिची मुलगी समुद्रापलीकडे मोंबासाला दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणासाठी ही बाई डिंक, शेपा आणि अळीव बांधून निघाली होती. मी धानोऱ्याची, सातवी पास, एकोणीस वर्षांची. माझे यजमान मोंबासालाच कारकून होते. लग्नानंतर पंधरा दिवसांनी ते गेले आणि दोन वर्षांनी त्यांचं ‘ये’ म्हणून पत्र आलं. सोबत हवी म्हणून वडिलांनी नंदुरबार स्टेशनवर मला जिजीच्या हवाली केलं. खरं सांगायचं तर यजमानांचा चेहराही मला धड आठवत नव्हता.

मला बोट लागली. पाच दिवस पोटात पाणी ठरेना. सहाव्या दिवशी मी सांगून टाकलं, “जिजी, मी ह्याच बोटमा परत जासू.”

ती समजूत घालत बसली नाही की रागावलीही नाही. “पहिले पाय टेक, मंग बोल,” एवढंच म्हणाली. हे तिचं नेहमीचं बोलणं होतं. सुरतेला गाडी बदलताना मी रडले, तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक हिरवागार डोंगर समुद्रातून वर आलेला दिसला. सेशेल्सचं माहे बेट. नाव ऐकून जिजी खूश झाली, “माहेरमा फक्त ‘र’ कमी शे!” बोट लांबच नांगरली. उतरायचं त्यांनी छोट्या होडीनं उतरावं, शेवटची होडी तीनला धक्क्यावरून सुटेल, असं सांगण्यात आलं. वरच्या वर्गातली मंडळी वाटाड्या घेऊन मोटारीनं बेट बघायला निघाली. आमच्या डेकवरचे लोक म्हणाले, बायकांनी एकट्यानं उतरू नये, चुकामूक होईल. जिजीनं धुतलेलं लुगडं नेसलं. “मोठ्या लोकस्ले मोटार लागस. आपला पाय शेतस ना? चाल.”

धक्क्यावर पाय ठेवला तर मला दगडही हलल्यासारखे वाटले. जिजी हसली, “जमीन नही हाली ऱ्हायनी, तूच हाली ऱ्हायनी.”

गावामागच्या चढानं आम्ही वर गेलो. दालचिनीचं पान चुरगाळून तिनं माझ्या नाकाशी धरलं. पुढे एका घरामागे केळी दिसल्या आणि ती सरळ आत शिरली. गवती टोपी घातलेली एक काळीसावळी बाई तिथं खणत होती. जिजीनं केळीभोवती दाटलेली पिलं पाहून कपाळावर हात मारला. “बाई, इतला पील ठेवात ते घड कसा पोसाई?” तिच्या हातातलं खणायचं अवजार घेऊन तिनं दोन बुंधे मोकळे करून दाखवले. त्या बाईला अक्षर कळलं नाही, पण काम कळलं. दोघी मातीत बसून आपापल्या भाषेत खूप बोलल्या. मग तिनं आम्हाला उकडलेला फणसासारखा गर आणि खोबरं दिलं. सहा दिवसांत पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

भोंगा वाजला तेव्हा भान आलं. उतरताना वाट चुकली. धक्क्यावर पोचलो तर शेवटची होडी बोटीजवळ गेलेली. मी तिथंच बसले आणि हुंदके देत म्हणाले, “जिजी, आते ते मोंबासाले माले घेवाले येतीन आन् मी ऱ्हासू नही!”

जिजी माझ्याशेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, “आते समजनं ना, तुले कोठे जानं शे ते?”

तेवढ्यात ती बागवाली बाई केळ्यांची फणी घेऊन मागून आली. बहुधा द्यायची राहिली म्हणून. जिजीनं बोटीकडे हात केला, मग माझ्याकडे. बाईनं धक्क्याखालच्या एका कोळ्याला हाक मारली आणि त्यानं आम्हाला आपल्या होडीत घेतलं. बोटीची शिडी वर ओढत होते. आम्हाला बघून पुन्हा सोडली. अधिकारी खेकसला, तर जिजी म्हणाली, “साहेब, रागे उद्या भरा. आज पोर घाबरेल शे.”

मोंबासाच्या धक्क्यावर मला न्यायला आलेला माणूस मला लगेच ओळखू आला. यजमानांबरोबर मी त्या गावात बारा वर्षं काढली. जिजी कोरीटला वारली ती बातमी मला तिथंच, तिच्या मुलीकडून कळली.

पण मला आठवते ती तिची परतीची बोट. नातीला सहा महिन्यांची करून ती निघाली, तेव्हा मलाही दिवस गेले होते. “जिजी, तू ऱ्हाय ना,” मी म्हटलं. ती म्हणाली, “मन्ही अंडेर, मन्ही पोर शे ना आठे! तिले हाक मार. तिलेबी कोनी जोयजे.” आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून शिडी चढून गेली.

यजमानांना कचेरीला उशीर होत होता. तोवर मी त्यांच्याशिवाय घराबाहेर पडले नव्हते. “तुम्ही जा,” मी म्हणाले, “मी विचारत विचारत येईन.” मग बंदरापासून घरापर्यंत मी एकटी चालत आले, आणि वाटेत बाजारात थांबून जिजीच्या लेकीसाठी पपई घेतली.