पन्नास म्हणजे किती

घाटकोपरला, असल्फाच्या चढावर काशीराम घाडींचा गाळा आहे. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे ज्या लोखंडी धडात पिस्टन वरखाली पळतात ते धड, झिजलं की त्याची भोकं घासून थोडी मोठी करायची आणि मोठे पिस्टन बसवायचे, हे काम ते चौतीस वर्षं करतायत. हल्ली गिऱ्हाईक म्हणजे जुन्या फास्ट गाड्यांची वेडी पोरं. कंपन्यांनी ते ब्लॉक बनवणं कधीच सोडलं, कुर्ल्याचा भंगारबाजारही पोरांनी धुऊन काढला.

ही नस बरोबर पकडली अंधेरीच्या नंदकिशोरने. कोल्हापूरकडे नवे ब्लॉक ओतून घेतो आणि विकतो. गाळ्यात आला की खुर्ची ओढायच्या आधीच सुरू. "घाडीशेठ, जुनं किती दिवस घासणार? माझ्याकडे पाच महिन्यांचं वेटिंग आहे, वेटिंग. लोक लग्नाचा हॉल बुक करतात ना, तसा ब्लॉक बुक करतात."

"माझ्या हातनं जुना वाचतो," घाडीकाका म्हणायचे. "तुझा तू वीक."

मुलुंडच्या नितेशने वडिलांच्या गाडीचा ब्लॉक आणला, तेव्हा काकांच्या डोक्यात हेच होतं. वडील गेल्या वर्षी वारले. गाडीचं रजिस्ट्रेशन संपत आलेलं, पुढच्या महिन्यात ती आरटीओत चालवून दाखवायची होती. पिस्टन परदेशातून यायचे, ते कस्टममध्ये अडकले. नितेशचा फोन आला, "काका, पिस्टन पन्नासचेच येतायत. तुम्ही मारून ठेवा ना, दिवस वाचतील."

पिस्टन हातात घेऊन मोजल्याशिवाय काकांनी आजवर भोकाला हात लावला नव्हता. पण जुना वाचतो हे नंदकिशोरला दाखवायचं होतं. त्यांनी पन्नास मारलं, म्हणजे भोकं पन्नासने मोठी केली.

काका शिकले ते थाऊमध्ये. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. त्यांचं पन्नास म्हणजे सव्वा मिलिमीटर. नितेशचं पन्नास म्हणजे पॉइंट पन्नास, अर्धा मिलिमीटर. पिस्टन हातात असला की हा घोटाळा कधी व्हायचाच नाही.

पंधरा दिवसांनी, सोमवारी दुपारी पिस्टन आले. काकांनी एक भोकात सोडला. तो हळूच सरकायला हवा होता, खुळखुळला. दुसऱ्यात सोडला, तिसऱ्यात, चौथ्यात. सगळीकडे खुळखुळ. एवढे मोठे पिस्टन आता मिळत नाहीत, आणि ब्लॉक पातळ जातीचा. आत नळी ठोकायची तर आणखी घासावं लागणार, आणि मग भिंत फुटून इंजिन थंड करणारं पाणी आत.

घरून बायको, मालनकाकू, डबा घेऊन आल्या. "जेवला नाय अजून? काय झालां?"

"ब्लॉक गेलो."

"दुसरो घेवन ये."

"दुसरो नाय मिळत. तांच तर."

तेवढ्यात नंदकिशोर टपकला. त्याने पिस्टन हलवून बघितला आणि आवाज एकदम मऊ केला. "शेठ, टेन्शन कशाला? सांगा, कास्टिंगमध्ये आधीपासून तडा होता. त्याला काय कळतंय? मी त्याला लायनीत पुढे घालतो. तुमचं नाव शाबूत, माझा ब्लॉक खपला."

काकूंनी डब्याचं झाकण परत लावलं.

पाच वाजता नितेश आला, तेव्हा नंदकिशोर अजून खुर्चीतच होता. "झालं का काका?"

"नाही. मी थाऊत मारलं. तुझं पॉइंट पन्नास होतं." त्यांनी पिस्टन सोडून दाखवला. "तुझी काही चूक नाही. पिस्टन बघितल्याशिवाय मारायचं नसतं."

नितेशने दोन बोटं भोकात फिरवली. "म्हणजे आता हा…"

"शोभेला उभा ठेवायला बरा."

"पप्पांची गाडी ट्रकवर घालून नेऊ का आरटीओत?"

काकांनी पिस्टन काढून फडक्यावर ठेवला. मग नितेश म्हणाला, "काका, आमच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपवरचे तिघं पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येतायत. मी त्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकायला त्याने मोबाइल पुढे धरला. बाजूला नंदकिशोर मान हलवून नको नको करत होता. काका मोबाइलकडे वाकून म्हणाले, "मी घाडी, असल्फा. नितेशचा ब्लॉक माझ्या हातून खराब झाला. पन्नास सांगितलं की पॉइंट का थाऊ, विचारत जा. मलापण विचारा."

उत्तरं यायला लागली. नितेशने एकेक वाचली. "बाप रे, वाट लागली." "काका रॉक्स, ब्लॉक शॉक्स." "भाई, माझा सध्या राहू दे, नंतर बघू." बाकीच्या दोघांचंही नंतरच बघायचं ठरलं. मग बोरिवलीच्या चैतन्यचा आला: "नवा ब्लॉक कोणाकडे मिळतो? कोणाकडे नंबर आहे?" त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. सगळ्यांना नंबर हवा होता.

नितेशने वर बघितलं. नंदकिशोर खिशात कार्ड शोधत होता. काकांनी त्याच्याकडे न बघता त्याचा नंबर तोंडपाठ सांगितला, एकेक आकडा सुटा करून, नितेशला टाइप करता यावा म्हणून.